विहारातलं जपानी पुस्तक आणि माझं पत्रक

अन्याय झाला तो आमच्या वस्तीतल्या शिंप्यावर. वय सव्वीस. मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, दंडारीच्या खेळात बाईचं सोंग घेणारा, बिड्या वळणाऱ्या आईचा एकुलता मुलगा. कधी झाला? १९८५ साली, दिवाळीच्या आधीच्या रविवारी, सकाळची वंदना आटोपल्यावर, विहाराच्या ओट्यावर, पाऊण तासात. कोणी केला? कमिटीने केला, असं मी दोन वर्षं सांगत फिरले. पण कमिटीच्या हातात जो कागद होता तो माझा होता. स्टेन्सिल मी कापली, शाई मी लावली, घरोघर वाटलाही मीच. हे आधीच सांगून टाकते. पत्रकं लिहिणाऱ्यांना एक सवय असते, दोषी माणूस नेहमी आपल्यापासून दूर, समोरच्या बाजूला उभा करायचा. या वेळी तसं करणार नाही.

आमचं गाव कोंढ्यापासून दोन कोस. भंडाऱ्याच्या कॉलेजात तीन वर्षं काढून मी परत आले तेव्हा मला दोन गोष्टी येत होत्या. एक, सायकलवर बसून गावोगाव सभा घेणं. दुसरी, कोणतीही वस्तू दिसली की विचारणं, यात फायदा कोणाचा? हा प्रश्न मला कार्यकर्त्यांच्या शिबिरात शिकवला होता आणि तो चांगला प्रश्न आहे. मी अजूनही विचारते. फक्त तेव्हा त्याचं उत्तर मला प्रश्नाआधीच माहीत असायचं.

त्या उन्हाळ्यात विहारासाठी जपानहून बुद्धमूर्ती आली. नागपूरहून ट्रकने लाकडी पेटी आली, सब्बलीने फळ्या उचकटल्या. मूर्तीभोवती छापील कागदांचे बोळे कोंबलेले होते आणि मांडीखालच्या पोकळीत आधाराला एक अख्खं पुस्तक दाबून बसवलेलं होतं. पोरांनी कागद ओट्याखाली टाकायला सुरुवात केली, तसे आमचे अध्यक्ष ओरडले. अध्यक्ष म्हणजे छप्पन साली नागपूरला पायी गेलेले, वस्तीत त्यांचा शब्द खाली पडत नसे.

"फेकू नोका! जपानचा कागद हाये. बुद्धाच्या अंगाले लागून आला."

मग बायांनी एकेक बोळा मांडीवर घेऊन हाताने सारखा केला आणि पेटाऱ्यात ठेवला. पुस्तक मूर्तीच्या पायाशी ठेवलं. त्याच्या मुखपृष्ठावर दोन पोरं होती, एक सोनेरी केसांचा, एक काळ्या. केस मानेपर्यंत. डोळे अर्धा चेहरा व्यापणारे. मागे पांढरी फुलं, पण झाड कुठेच नाही.

"बुद्धाचे शिष्य असतीन," अध्यक्ष म्हणाले. "लहानपनचे."

"पँट घालून?" कोणीतरी विचारलं.

"जपानात थंडी रायते बाप्पा."

एवढ्यावर प्रश्न मिटला. आठ दिवस लोकांनी त्या दोन पोरांपुढे फुलं वाहिली. मग पुस्तक विहाराच्या कपाटात गेलं. कपाटाची किल्ली शिंप्याकडे असायची, कारण त्याचं घर विहारासमोर.

त्याची आई आणि आजूबाजूच्या सहासात पोरी-बाया त्याच्याच पडवीत बसून बिड्या वळायच्या. मांडीवर सूप, सुपात तेंदूची कापलेली पानं आणि जर्दा. हात आपोआप चालतात, डोकं मोकळं असतं, आणि मोकळ्या डोक्याला काहीतरी लागतं. पूर्वी तो त्यांना जुनी वर्तमानपत्रं वाचून दाखवायचा. त्या पावसाळ्यात त्याने जपानी पुस्तक काढलं.

तुम्ही म्हणाल, त्याला जपानी येत होतं का? कोणालाच येत नव्हतं. तो चित्रं पाहायचा आणि गोष्ट सांगायचा. दंडारीत दहा वर्षं बाई झालेला माणूस. आवाज पातळ करणं, जाड करणं, हुंदका मध्येच तोडणं त्याला शिकवावं लागत नव्हतं.

मला हे कळलं ते भादव्यात. सट्टेदार, म्हणजे कारखान्याच्या वतीने पानं-जर्दा देणारा आणि बिड्या घेणारा मधला माणूस, तो चांगल्या बिड्याही छाट म्हणून बाजूला काढायचा आणि परत द्यायचा नाही. त्याच्यावर मी सभा लावली होती. सभेला कोणी आलं नाही. मी तरातरा पडवीत गेले.

"काहून नाही आल्या व?"

"ताई, आज नाई जमत," एक पोरगी बोट तोंडावर ठेवून म्हणाली. "आज तो पोट्टा उठून बसनार हाये."

"कोणता पोट्टा?"

"तो व, बिमार होता तो. सोनकेश्या."

मी दारात उभी राहून ऐकू लागले. शिंपी मशीनवर बसला होता, पुस्तक मशीनच्या पाट्यावर उघडं. तो एक चित्र बायांकडे वळवून दाखवायचा आणि बोलायचा. आणि भिंतीला टेकून त्याचा जोडीदार बसला होता, दंडारीचा ढोलकीवाला, धानाच्या गिरणीत हमाली करणारा. दुपारच्या सुटीत तो इथे यायचा. एका पोराचं बोलणं शिंपी बोलायचा, दुसऱ्याचं तो.

"काहून गा, काल नाई आला?"

"नदीले पूर होता."

"पूर होता तं पोहून नाई येता येत?"

"आलो असतो. मंग तू म्हनला असता, वला होऊन कायले आला, माह्या बिछान्याले पानी लावतं."

"म्हनलो असतो. पन आला तं असता."

बाया हसल्या. एकीने सुपातला जर्दा सांडला. "आता याले कोन समजावन व माय," म्हणत म्हातारीने डोळे पुसले, आणि हात चालूच. मला हसू आलं नाही. ढोलकीवाल्याचं उत्तर फार पटकन येत होतं. ठरवून, पाठ करून आलेलं नव्हतं, दुसरीकडून कुठून तरी येत होतं. मला पहिला संशय तिथे आला आणि मी त्या संशयाला हुशारी समजले.

दुसरा संशय सट्टेदारामुळे. तेवढ्यात तो पानांचा गठ्ठा घेऊन आला आणि दारातूनच म्हणाला, "चालू द्या, चालू द्या. गोष्ट चालली का हात चालते. आजकाल छाटही कमी निघून राहिली." वर पोरींसाठी चिवड्याचा पुडा ठेवून गेला. माझ्या डोक्यात दोन आणि दोन बावीस झाले. माझी सभा ओस, त्याची पडवी भरलेली. फायदा कोणाचा?

मी पुस्तक मागितलं. शिंप्याने दिलं. "पाय, पाय. पन दुपारी वापस दे बरं, पोरी वाट पायतीन." मला त्याचा सरळपणा सुद्धा संशयास्पद वाटला.

विहाराच्या मागच्या पायरीवर बसून मी ते पूर्ण पाहिलं. खरं सांगते, पहिली चीड आली ती मुलगी नाही म्हणून. एवढ्या जाड पुस्तकात एकही पोरगी काही करत नव्हती. एक मोलकरीण दार उघडत होती आणि एक आई खिडकीत उभी होती, बस. कोणी स्वयंपाक करत नव्हतं, कोणी झाडत नव्हतं. पोरं मोठ्या दगडी शाळेत राहायची, तलावाकाठी फिरायची, रडायची. पानापानावर पाकळ्या उडत होत्या. मी म्हटलं, हे जमीनदारांच्या पोरांचं दुःख आहे. ज्याला धान लावायला जावं लागत नाही त्यालाच एवढं रडायला वेळ मिळतो.

मग एका पानावर दोघांची तोंडं जवळ आली होती. पुढच्या पानावर आणखी जवळ. मी पुस्तक मिटलं. कोणी पाहिलं का ते पाहिलं. शेळी होती. मी परत उघडलं.

राग आला, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. आला होताच. पण रागाच्या आधी दुसरं काहीतरी आलं होतं, कानाच्या पाळ्या गरम करणारं. हे माझ्याशी बोललं जात आहे असं वाटायला लावणारं, आणि मी तर त्या चित्रात कुठेच नव्हते. ना पोरगी होती, ना कोणी माझ्यासारखं. मग मला का काही व्हावं? ज्याचं कारण सापडत नाही ते कोणीतरी मुद्दाम करत आहे, असं समजायची माझी तालीम. मी ठरवलं की हे मुद्दाम केलेलं आहे. बाहेरून आलेलं आहे, धम्माच्या पेटीत लपवून आलेलं आहे, आणि कष्टकरी पोरींना गुंगी देण्यासाठी वापरलं जात आहे.

पत्रक लिहिलं. मथळा: "भगिनींनो, सावध! धम्माच्या नावाखाली विदेशी विष!" खाली सट्टेदारावर चांगला मजकूर होता, छाटीचा हिशेब मागा, एकत्र या, वगैरे. तो आजही मी मागे घेत नाही. पण स्टेन्सिल कापत आणली तेव्हा खाली तीन ओळींची जागा उरली. अर्धवट कागद वाईट दिसतो, वाचणाऱ्याला वाटतं मुद्दे संपले. म्हणून मी भरलं: "गोड गळ्याचा एक गृहस्थ आपल्या जोडीदाराला घेऊन आमच्या पोरींच्या कानात कोणतं शिक्षण ओततो आहे? आणि या दोघांचं आपसातलं नातं तरी कोणतं?"

जागा उरली म्हणून. एवढंच कारण होतं. चार वर्षं मी दुसरं कारण शोधून पाहिलं, नाही मिळालं.

रविवारी कमिटी बसली. अध्यक्षांच्या हातात माझं पत्रक. कमिटीतले बरेच जण वाचू शकत होते, तरी एकाला मोठ्याने वाचायला लावलं. शेवटची ओळ आली तेव्हा ओट्यावर सगळ्यांनी मान वर केली.

"हे कोनाबद्दल हाये, पोरी?" अध्यक्षांनी मला विचारलं.

"प्रवृत्तीबद्दल आहे. व्यक्तीबद्दल नाही."

"प्रवृत्ती कोन्या घरात रायते, ते सांग."

लोक हसले. त्या हसण्यात कोणाचं नाव घ्यायची गरज राहिली नाही. सगळ्यांची तोंडं समोरच्या घराकडे वळली होती.

शिंप्याला बोलावलं. ढोलकीवाला त्याच्याबरोबर आला, ते आणखी वाईट झालं. पुस्तक मागवलं. अध्यक्षांनी पानं उलटली आणि त्या पानावर थांबले. मग हळूच म्हणाले, "आठ दिवस हे आपन बुद्धाच्या पायाशी ठेवलं."

कोणीतरी बाजू घ्यायचा प्रयत्न केला. "दंडारीत तं हा दरसाल बाई होते. तवा आपनच टाळ्या वाजोतो."

"तवा लुगडं नेसते ना तो!" दुसरा तडकला. "इथं पाय बरं. दोघाईनंही पँट घातली हाये."

हे वाक्य तुम्हाला विनोदी वाटेल. मलाही तेव्हा वाटलं होतं. पण आमच्या मुलखात सगळा कायदा त्या एका वाक्यात आहे. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, दंडार उभी राहते, पुरुष लुगडं नेसून लाजतो, दुसरा पुरुष त्याच्या मागे लागतो, आणि अख्खं गाव, लेकीसुना घेऊन, शिट्ट्या मारत पाहतं. लुगडं आहे तोवर कोणाला काही दिसत नाही. मीच लुगडं काढून त्या दोघांना ओट्यावर उभं केलं होतं.

"तुले काय सांगायचं हाये?" अध्यक्षांनी शिंप्याला विचारलं.

"पोरी हासत होत्या. बिड्या वळत होत्या. आखीन काय?"

"या कागदात लिवलं ते?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. माप चुकलेल्या कपड्याकडे पाहावं तसं पाहिलं.

ढोलकीवाला उठला. "वाचाले मीबी होतो," तो म्हणाला. "मलेबी विचारा." त्याच्या बापाने त्याचा हात धरून त्याला खाली खेचलं, आणि तो खाली बसला. निकाल लागला: किल्ली परत, पुस्तक कपाटात कुलपाखाली, पडवीतलं वाचन बंद, आणि यंदा दंडारीत त्याने उभं राहायचं नाही.

"यंदा" म्हणाले होते. चार मंडया झाल्या.

तिसऱ्या दिवशी शिंप्याने मशीनचं डोकं सायकलच्या कॅरियरला बांधलं आणि तो आंबागडला मामाकडे निघून गेला. ढोलकीवाल्याचं माघात लग्न लावून दिलं. मुलगी चांगली आहे, तिचा यात काही दोष नाही. ढोलकी त्याने गिरणीतल्या दुसऱ्या हमालाला देऊन टाकली. त्या वर्षी दंडारीत बाई म्हणून मिशी काढलेला एक थोराड गडी उभा राहिला. पदर पडला तर तो लुंगीसारखा वर खोचायचा. लोक ओरडले, "आबे, बस खाली, मामंजी!" ढोलकी कुठे आणि पाय कुठे.

पडवीत मी परत गेले. छाटीची सभा घ्यायची होती ना, आता तर गोष्टही नव्हती. सगळ्या माना खाली घालून वळत होत्या.

"ताई," तीच पोरगी म्हणाली, "तुले यातून काय भेटलं व?"

माझाच प्रश्न होता. फायदा कोणाचा? मी काहीतरी उत्तर दिलं. शिंप्याची आई मध्येच म्हणाली, "पत्रक असन तं दे. बिड्याचे कट्टे बांधाले कागद लागते." दुसरं एक अक्षर ती माझ्याशी कधी बोलली नाही.

फाल्गुनात मूर्तीची स्थापना झाली. त्यासाठी जपानी भिक्खूंबरोबर एक भिक्खुणी आली होती, पन्नाशीची, डोकं मुंडलेली, हिंदी तुटकं. पेटीतून आलेलं सगळं आम्ही जपून ठेवलं आहे हे दाखवायला कोणीतरी उत्साहाने कपाट उघडलं. बाकी कमिटीचं तोंड उतरलं. तिने ते पुस्तक पाहिलं आणि तोंडावर हात ठेवून हसली, एखाद्या पोरीसारखी.

"यह मेरी भतीजी पढ़ती," ती म्हणाली. "सब लड़की पढ़ती. बहुत रोती."

"लड़की?" मी विचारलं. "लिखता कौन है?"

"लड़की लिखती. औरत." मग तिने पुस्तक हातात घेतलं, उलटं केलं, जो आमच्यासाठी शेवट होता तो वर आणला, आणि पानं डावीकडून उजवीकडे उलटत दाखवलं. "ऐसे. जापान में ऐसे."

अध्यक्ष माझ्याकडे पाहून म्हणाले, "बाईनं लिवलं हे?" आणि लगेच भिक्खुणीला चहा घ्यायला घेऊन गेले.

मी परत त्याच पायरीवर बसले आणि या वेळी जपानी बाजूने पाहिलं. दोघं शाळेच्या फाटकाशी भेटतात. भांडतात. तलावाकाठी जवळ येतात. कोणीतरी पाहतं. बोलणी बसतात, एकाला दूर पाठवतात. दुसरा पावसात भिजतो, आजारी पडतो. मग बिछाना, आणि शेवटच्या पानावर तोच बिछाना, रिकामा, खिडकी उघडी, पाकळ्या आत येतात.

आमच्या पडवीत ती गोष्ट रिकाम्या बिछान्यापासून सुरू झाली होती. तिथून पानागणिक पोरगा बरा होत गेला. उठून बसला, हिंडू लागला, दूर गेलेला परत आला, भांडण झालं, मिटलं, आणि शेवटी फाटकाशी दोघं पहिल्यांदा भेटल्यासारखे भेटले. निदान भेटले असते. ती पानं वाचायच्या आधी माझं पत्रक आलं.

आता माझा संशय त्या जपानी बायांवर आला, आणि तो अजून गेलेला नाही. मान्य, तुम्ही आमच्यासाठी लिहिलंत, पोरींसाठी. माझे कान का गरम झाले ते मला थोडं कळलं. ज्या गोष्टीत बाई नाही तिथे बाईला कोणी वाकवत नाही, लाजवत नाही, दागिन्यासारखी कोणाच्या हाती देत नाही, म्हणून ती निर्धास्त पाहू शकते. पण मग मारलात का त्याला? रडायला चांगलं वाटतं म्हणून? तुमच्या गोष्टीचा शेवट आणि आमच्या कमिटीचा निकाल एकच कसा निघतो? रिकामा बिछाना पाहून तिकडे पोरी रडतात, पुस्तक मिटतात, मोकळ्या होतात. यात फायदा कोणाचा, हे मी या वेळी उत्तर माहीत नसताना विचारते आहे.

आणि शिंपी? त्याने बाजू चुकून धरली, एवढंच का? हा संशय मला बसू देईना. दोन वर्षांनी, हिंमत गोळा करून, मी तुमसरची एसटी धरली आणि पुढे आंबागडला गेले. किल्ल्याच्या पायथ्याशी मामाच्या ओसरीत त्याचं मशीन होतं. जंगलखात्याच्या मजुराची खाकी चड्डी शिवत होता. मला पाहून पाय थांबला नाही.

"आली का? पत्रक वाटाले?"

"नाही भाऊ. माफी मागायला."

"मांग मंग."

मी मागितली. त्याने धागा दाताने तोडला. "झालं? पानी पे. उनाची आली."

पाणी प्यायले. मग मी त्याला भिक्खुणीचं सांगितलं, पुस्तक दुसऱ्या बाजूने आहे, आपण उलटं वाचलं, खऱ्या गोष्टीत तो पोरगा शेवटी मरतो. मला वाटलं तो चकित होईल.

"मले मालूम होतं," तो म्हणाला.

"कसं?"

"त्या काळ्याचा कोट. आपल्या बाजूनं पायलं तं आधी कोपराले ठिगळ हाये. मंग ठिगळ नाई, फाटलेला हाये. मंग चांगला हाये. कोट काय स्वताहून नवा होते? दुसऱ्याच दिवशी समजलं मले का हे उलटं हाये."

"मग सांगितलं का नाही पोरींना?"

"काय सांगू? का हा मरते?" त्याने चड्डी उलटी केली, शिवण तपासली. "पयल्या पानापासून सांगतलं असतं तं मरनावर येऊन थांबाव लागलं असतं. इकडून सांगतलं तं पुढं पुढं चांगलंच होते. अन् तो..." तो थांबला. जोडीदाराचं नाव त्याने घेतलं नाही, मीही इथे घेणार नाही. "तो रोज जाता जाता म्हने, उद्या काय होते गा? मी म्हनो, उद्या आखीन बरं होते."

मला गप्प राहता आलं पाहिजे होतं. पण मी पत्रकवाली. मी विचारलंच, "भाऊ, तुमचं दोघांचं होतं तरी काय?"

मशीन थांबलं.

"तू लिवलं ना कागदात? मंग तुले मालूमच असन. मले काहून विचारून राहिली?"

ओसरीत मामी तांदूळ निवडत होती, तिने वर पाहिलं नाही. मी म्हणाले, मंडईला ये, मी कमिटीशी भांडते, मी बोलावते तुला.

"तू?" तो पहिल्यांदा हसला. "तू कोन बोलावनारी व? पत्रक एकटं मानूस वाटू शकते. दंडारीले गाव बोलावते. बाई उभी रायते तवा समोरच्याईनं पायलं पायजे ना तिच्याकडे. खाली मान घालून बसतीन तं मी कोनाले दाखवू?"

जायला निघाले तेव्हा म्हणाला, "माह्या मायले सांग, गुडघ्याले तेल लाव म्हना." तिला मी सांगितलं. ती कट्टे बांधत राहिली.

परत येऊन मी कमिटीपुढे उभी राहिले. माझी ओळ खोटी होती असं मी म्हणाले नाही, कारण खरी की खोटी हे मला माहीत नव्हतं, आजही नाही. तो प्रश्न विचारायचा मला अधिकार नव्हता, एवढंच म्हणाले. अध्यक्ष म्हणाले, "जाऊ दे पोरी, जुनी गोष्ट झाली." मला या "जाऊ दे" वर सगळ्यात जास्त संशय आहे. ज्याचं गेलं तो आंबागडला खाक्या शिवतो आहे, आणि जाऊ द्या म्हणतात ते इथे ओट्यावर. भंडाऱ्यातल्या माझ्या मित्रांनाही मी सांगून पाहिलं. ते म्हणाले, फार मोठा विषय आहे, यावर लेखमाला होईल. त्यांच्यावरही माझा संशय आहे. आंबागडची एसटी कोणी विचारली नाही.

म्हणून हे लिहिलं. हे पत्रक नाही, मजकूर संपला तर कागद कोरा राहिला तरी चालेल. मागणी एकच आहे आणि ती तुमच्याकडे आहे. माझं ते पत्रक ज्यांच्या घरात गेलं त्यांच्याकडे, ओट्यावर जे हसले त्यांच्याकडे, आणि दुसऱ्या कोणत्या गावात असाच एखादा गळा बंद करून बसला असाल तर तुमच्याकडेही. दिवाळीला अजून वेळ आहे. चारपाच घरची माणसं मिळून आंबागडला जा, बाया-पोरी बरोबर घ्या. त्याच्या समोर बसा आणि म्हणा, यंदा दंडारीत तुझी जागा तुझी आहे. गिरणीतल्या त्या हमालाला जाऊन तेच म्हणा, त्याच्या बायकोसमोर म्हणा, लपवून नाही. दोघांचं काय होतं हे कोणी विचारायचं नाही. त्यांनी नाही म्हटलं तर नाही ऐकून घ्या आणि पुढच्या वर्षी परत जा. आणि ते आले, उभे राहिले, तर मान खाली घालू नका. वर पाहा. जाणार आहात की नाही? हो किंवा नाही, मला आज सांगा.